जुन्या गाडीचा वायपर पावसात दम टाकतो तेव्हा: मोटर बदलण्याआधीच्या तपासण्या

तक्रार दरवर्षी जूनच्या अखेरीस सुरू होते आणि तिचे शब्दही जवळजवळ ठरलेले असतात: "नाशकात वायपर व्यवस्थित चालतो, इगतपुरी आली की दम टाकतो." यात गूढ काही नाही. शहरात पाऊस सरीवर येतो आणि पाच-दहा मिनिटे वायपर चालवला की भागते. घोटीच्या पुढे मात्र तोच वायपर तासभर अखंड चालवावा लागतो, सोबत हेडलाइट लागलेले असतात, आणि जोडणीतली जी खोट पाच मिनिटांत कळत नाही ती अर्ध्या तासात तापून उघडी पडते. मालक घाबरून मोटर बदलतो, नवी मोटर अंगात जोर असल्यामुळे एक हंगाम रेटून नेते आणि पुढच्या आषाढात तीच गाडी पुन्हा दारात उभी राहते. अंबडच्या एका कारखान्यात विद्युत देखभालीचे काम करून निवृत्त झाल्यापासून मी पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, हेरल्ड अशा गाड्यांचे वायरिंग पाहतो, आणि माझा अनुभव असा की मोटर ही या दुखण्यात बहुधा आरोपी नसून साक्षीदार असते.

लक्षणे

मालकाचे नीट ऐकून घेतले तर निम्मे निदान बॉनेट उघडण्याआधी होते. वायपर सुरुवातीला बरा चालतो, मग मंदावतो, काचेच्या मध्यावर अडकतो आणि हाताने ढकलला की पुन्हा दोन-चार फेऱ्या मारतो, हे सर्वांत नेहमीचे लक्षण. यात अर्थिंग (वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाण्याची वाट), फ्यूजच्या जोडणीतली गंज किंवा यंत्रणेतला जडपणा यांपैकी एक, आणि पुष्कळदा दोन, कारणे सापडतात. सिग्नलला गाडी उभी असताना वायपर रेंगाळतो आणि रेस दिली की चपळ होतो, तेव्हा लक्ष बॅटरी आणि तिला चार्ज करणाऱ्या डायनामोकडे द्यावे. मोटरचा आवाज येतो पण पाती हलत नाहीत किंवा एकच पाते हलते, तेव्हा दोष विजेचा नसून पाते धरणाऱ्या दांड्याच्या खाचांचा किंवा मोटरची हालचाल दांड्यांपर्यंत नेणाऱ्या लिंकचा आहे. स्विच बंद केल्याबरोबर पाती जिथल्या तिथे उभी राहतात, किंवा उलट, स्विच बंद करूनही वायपर थांबायचे नाव घेत नाही, या दोन्ही तक्रारी पार्किंगच्या, म्हणजे पाती काचेच्या तळाशी आणून थांबवणाऱ्या, स्विचच्या आहेत. दोन गतींपैकी एकच चालणे, पाती काचेवर थडथडणे आणि फ्यूज पुन्हा पुन्हा उडणे ही उरलेली तीन. त्यांचा विचार पुढे जागोजाग येईल.

एक अपवाद आधीच सांगून टाकतो. काही जुन्या अमेरिकन गाड्या आणि जीप यांचे वायपर विजेवर नव्हे तर इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतल्या (इनटेक मॅनिफोल्डमधल्या) निर्वातावर चालतात. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की निर्वात कमी होतो आणि वायपर मंदावतो किंवा थांबतो. कसारा घाट चढताना असा वायपर अडखळला तर तो मुळातला स्वभाव आहे. रबरी नळी चिरलेली नाही एवढे पाहावे आणि वायरिंगला हात लावू नये.

हाताशी काय असावे

साधा मल्टिमीटर, बारीक पॉलिश पेपर, दोन मीटर लांबीची जाड वायर जिच्या दोन्ही टोकांना क्रोकोडाइल चिमटे आहेत, आणि इंडिकेटरच्या २१ वॉटच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प. मल्टिमीटर असताना बल्ब कशाला, असे विचारले जाते. मीटर अगदी नगण्य करंट ओढतो, त्यामुळे गंजलेल्या, केसाएवढ्या स्पर्शावर टिकलेल्या जोडणीवरही तो १२ व्होल्ट दाखवतो; २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि जोडणी लटकी असेल तर तो लालसर पेटून तिचे पितळ उघडे पाडतो.

बोटांची काळजी आधी घ्यावी. वायपरच्या मोटरला गिअर असतो, तिचा वेग कमी आणि जोर भरपूर असतो, आणि लिंकमध्ये सापडलेले बोट ती सहज चिरडते. पार्किंगच्या व्यवस्थेमुळे स्विच बंद असतानाही मोटर अचानक फिरू शकते, म्हणून लिंकला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. दांडा काढताना काचेवर दुमडलेला टॉवेल ठेवावा. ताठ स्प्रिंगचा दांडा पात्याविना काचेवर आपटला तर जुनी काच तडकते, आणि तशी काच मिळवण्यात जो वेळ जातो त्यात दहा मोटरी दुरुस्त होतात.

पाती, काच आणि बॅटरी

सर्वांत आधी काच धुवावी, ओली ठेवावी, वायपर चालू करावा आणि मग पाती काचेवरून उचलून धरून पाच-सहा सेकंद फरक पाहावा. पाती उचलताच मोटर मोकळी होऊन पळू लागली, तर भार काचेवरचा आहे: उन्हाने कडक झालेले रबर, काचेवर चढलेला पॉलिशचा थर, किंवा दुसऱ्या गाडीचा जास्त ताठ स्प्रिंगचा दांडा. रबर बदलावे आणि काच साबणाच्या पाण्याने दोनदा धुवावी. पाती थडथडत असतील तर दांड्याचे टोक किंचित पिळले गेलेले असते. पाते काचेला काटकोनात टेकते आहे ना हे डोळ्याने पाहून टोक हळूच सरळ करता येते. पाती उचलूनही गती जवळजवळ तीच राहिली, तर पुढे जावे. ही तपासणी फुकट आहे, म्हणून ती पहिली.

दांडा ज्या खाचांवर बसतो त्या झिजल्या असतील तर मोटर फिरते, खाली स्पिंडल, म्हणजे दांडा जिच्यावर बसतो ती दांडी, फिरते आणि दांडा मात्र जागेवर राहतो. नट किंवा खटका घट्ट करून पाहावे. खाचा गुळगुळीत झाल्या असतील तर दांडा बदलण्याला पर्याय नाही.

बॅटरीवर इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग इंजिन सुरू करून, हेडलाइट आणि वायपर लावून, आयडलिंगला पुन्हा मोजावे. अल्टरनेटर नसून डायनामो असलेल्या गाडीत आयडलिंगला चार्जिंग जवळजवळ होतच नाही; द्वारका चौकात रात्री पावसात दहा मिनिटे अडकलेली अशी गाडी सगळा भार बॅटरीवर ओढत असते. रेस वाढवल्यावर व्होल्टेज १३.५च्या वर जात असेल तर डायनामोला दोष देऊ नये, बॅटरीची ताकद तपासावी. जात नसेल तर वायपर बाजूला ठेवून आधी चार्जिंगचा बंदोबस्त करावा, कारण उरलेल्या सगळ्या मोजण्या त्यावर उभ्या आहेत.

फ्यूज

फ्यूजची तार शाबूत दिसली म्हणून फ्यूज चांगला, असे समजू नये. जुन्या गाड्यांत काचेच्या नळीचे किंवा दोन्ही टोकांना निमुळते असलेले फ्यूज असतात, आणि ते ज्या पितळी पट्ट्यांत बसतात त्या पट्ट्यांवर पावसाळ्यागणिक हिरवट थर चढतो. टेस्ट लॅम्पचे एक टोक अर्थिंगला लावून दुसरे आधी फ्यूजच्या एका पट्टीवर आणि मग दुसऱ्या पट्टीवर टेकवावे. उजेड दोन्हीकडे सारखा पडला पाहिजे. फ्यूज काढावा, टोके आणि पट्ट्या पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासाव्यात, सैल झालेली पट्टी चिमट्याने आत दाबावी. वायपर वीस मिनिटे चालवून फ्यूजच्या टोकाला बोट लावले आणि चटका बसला, तर तिथे व्होल्टेज जळते आहे असे खुशाल समजावे.

फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळलेली गाडी मी आजही पाहतो. फ्यूज मोटरला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरला वाचवण्यासाठी असतो. अडकलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, आणि फ्यूज उडाला नाही तर डॅशबोर्डामागची चाळीस वर्षांची वायर पेट घेते. फ्यूज गाडीच्या पुस्तकात दिला असेल त्याच अँपिअरचा लावावा. तो पुन्हा उडाला तर मोटरचा प्लग काढून नवा फ्यूज लावून पाहावा. मोटर सुटी असतानाही फ्यूज उडत असेल, तर वायरिंगच्या जुडग्यात कुठेतरी शॉर्ट आहे आणि आपण इथेच थांबावे.

अर्थिंग

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांचे दुखणे सर्वांत जास्त वेळा इथे सापडते आणि सर्वांत कमी लोक इथे शोधतात.

गंगापूर रोडला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांची पद्मिनी दोन पावसाळ्यांत तीन मोटरी खाऊन माझ्याकडे आली. गाडी त्याआधी नव्याने रंगवून घेतलेली, आतबाहेर आरशासारखी. सरांनी चौथी मोटर पिशवीतून आणलीच होती. मी म्हटले, "सर, ती पिशवीतच असू द्या." जाड वायरचा एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावला, वायपर चालू केला, तो नेहमीप्रमाणे कण्हत निघाला, आणि मग दुसरा चिमटा मोटरच्या उघड्या धातूला टेकवला. पाती एकदम सटासट फिरू लागली. चिमटा काढला की पुन्हा कण्हणे, लावला की सटासट. सरांनी तीन-चार वेळा स्वतः करून पाहिले आणि चौथ्या मोटरची पावती आहे का ते खिशात शोधू लागले.

कारण असे होते. वायपरची मोटर बहुधा रबरी बुशांवर बसवतात, म्हणजे आवाज आणि कंप पत्र्यात उतरत नाही; पण रबर वीज नेत नाही, त्यामुळे मोटरच्या बॉडीपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत एक वेगळी अर्थिंगची वायर दिलेली असते. रंगकाम करताना सगळे सुटे करतात, पत्रा खरवडतात, प्रायमर आणि रंगाचे थर देतात, आणि मग ती वायर त्या सुंदर रंगावर स्क्रूने आवळतात. रंग हा उत्तम इन्सुलेटर आहे. करंट स्क्रूच्या आट्यांमधून जेवढा वाट काढेल तेवढाच जातो, आणि आट्यांमध्ये पाणी शिरले की तोही आटतो. सरांच्या गाडीत वायरीच्या टोकाचा थिंबल (धातूची कडी) काढला तेव्हा त्याखाली रंगाचे अखंड, गुळगुळीत वर्तुळ होते, फक्त स्क्रूच्या भोकाच्या कडेला नखाएवढा पत्रा उघडा दिसत होता.

उपाय एका चहाच्या वेळात होतो. स्क्रू काढावा, थिंबलच्या आकाराएवढाच रंग चाकूने आणि मग पॉलिश पेपरने खरवडून पांढरा चकचकीत पत्रा उघडा करावा, थिंबल घासावा, दातेरी वॉशर घालून स्क्रू आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीसचा लेप द्यावा, म्हणजे गंज धरणार नाही. लेप आवळल्यानंतर द्यावा. काही गाड्यांत ही वायर रंगकामानंतर लावायचीच राहून गेलेली असते आणि मोटर केवळ लिंक आणि स्पिंडल यांच्या ग्रीसमधून अर्थिंग शोधत बसते. तिथे नवी वायर द्यावी. बॅटरीपासून बॉडीपर्यंतची आणि इंजिनापासून बॉडीपर्यंतची जाड पट्टीही याच वेळी काढून घासावी.

चिमटा लावून काहीच फरक पडला नाही, तर अर्थिंग निर्दोष आहे. तेही कळणे मोलाचे आहे.

व्होल्टेज कुठे हरवते

आता मोटर चालू ठेवून मोजावे. बंद मोटरवर मोजलेले व्होल्टेज काहीच सांगत नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरे मोटरच्या पुरवठ्याच्या टोकावर ठेवले की वाटेत किती व्होल्ट हरवले तेवढेच मीटर दाखवतो. तो आकडा अर्ध्या व्होल्टच्या आसपास असेल तर जुन्या गाडीला माफ आहे. दीड-दोन असेल तर वाटेत चोर आहे. हिशेब सोपा आहे: मोटर चार अँपिअर ओढत असेल आणि सगळ्या जोडण्यांचा मिळून अडथळा अर्धा ओहम असेल, तर दोन व्होल्ट वाटेतच जातात, आणि जोडण्या तापल्या की अडथळा आणखी वाढतो. "घाटात दम टाकतो" याचा उलगडा पुष्कळदा एवढाच असतो.

चोर शोधण्यासाठी मीटरचे दुसरे टोक मोटरकडून मागे मागे आणावे: आधी प्लग, मग स्विचची बाहेरची बाजू, मग आतली, मग फ्यूज. ज्या दोन ठिकाणांच्या मध्ये आकडा एकदम घटतो, तिथे दोष आहे. डॅशबोर्डावरच्या जुन्या स्विचमधले स्पर्श जळून काळे पडलेले असतात. स्विच वेगळा काढून दोन वायरी क्षणभर जोडून वायपर जोरात चालला तर स्विच बदलावा. स्विच उघडून घासण्याचा मोह होतो, पण आतली स्प्रिंग आणि छर्रा उडून गाडीच्या चटईखाली गेला की दुपार गेली.

ब्रिटिश घडणीच्या काही जुन्या दोन गतींच्या मोटरींत मांडणी उलटी असते. तिथे इग्निशन चालू असताना मोटरपर्यंत पुरवठा सतत असतो आणि स्विच अर्थिंगची बाजू जोडतो. हे माहीत नसलेला माणूस स्विच बंद असतानाही मोटरवर लॅम्प पेटतो म्हणून शॉर्ट शोधत बसतो. त्याच घराण्यातल्या काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते. आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे बॅटरीची जाड वायर कुठे जाते ते डोळ्यांनी पाहून ठरवावे. पूर्वी कोणी ते बदलले असेल तर पुस्तकातले चित्र खोटे पडते.

जडपणा: लिंक, स्पिंडल आणि केबल

वीज मोटरपर्यंत पुरी पोचते आहे आणि तरी पाती रेंगाळतात, तेव्हा मोटर आणि यंत्रणा वेगळ्या करून पाहाव्यात. लिंक रॉड असलेल्या गाडीत रॉड मोटरच्या क्रँकवरून काढावा. दातेरी केबल नळीतून सरकवून दोन स्पिंडल फिरवणारी ब्रिटिश पद्धत असेल, तर केबल मोटरच्या गिअरबॉक्सकडून सोडवावी. मग दांडे हाताने हलवावेत. निरोगी यंत्रणा दोन बोटांनी, एकसारख्या हलक्या विरोधाने हलते. मनगट लावावे लागले, किंवा एका जागी खडखडून अडले, तर मोटरची कीव करावी.

सर्वांत आधी गंजते ते काचेखालच्या पत्र्यातून बाहेर डोकावणारे स्पिंडल. त्याच्याभोवतीची रबरी वाटी तडकते, पाणी आत झिरपते, आणि गाडी दिवाळी ते ज्येष्ठ झाकून उभी राहिली की पितळी बुश आणि लोखंडी दांडी एकजीव होतात. दांडा काढून स्पिंडलच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल थेंब-थेंब सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी हाताने पुढे-मागे फिरवत राहावे. सुटल्यावर पातळ तेल पुरेसे नाही. ते पहिल्या पावसात धुऊन जाते, म्हणून ग्रीस द्यावे आणि वाटी नवी बसवावी. केबलच्या नळीला कुठे चेप किंवा तीव्र वाक आलेला नाही ना, हेही पाहावे; रेडिओ बसवणाऱ्याने ती वाकवून ठेवलेली मी एकाहून जास्त गाड्यांत पाहिली आहे. केबल पूर्ण ओढून रॉकेलने धुवावी, फडक्याने कोरडी करावी आणि नवे ग्रीस माखून परत घालावी. ती घालताना दोन्ही स्पिंडल आपल्या विश्रांतीच्या जागी नसतील तर पाती पुढे एकमेकांवर आदळतात.

जुने ग्रीस मेणासारखे घट्ट होते, आणि आपल्याकडच्या थंडीत ते आणखी दगड होते. निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदारांची अ‍ॅम्बॅसेडर जानेवारीच्या पहाटे दव पुसायला वायपर लावला की फ्यूज उडवायची आणि दुपारी काहीच तक्रार नसायची. केबलच्या नळीतून निघालेला पदार्थ ग्रीस होता हे सांगावे लागले, एवढा तो काळा आणि चिवट होता. नायलॉनचे बुश असलेल्या लिंकमध्ये दुखणे उलटे असते. तिथे बुश झिजून सैल होतात, पाती काचेच्या कडेबाहेर जातात आणि खिटखिट आवाज येतो. बुश स्वस्त आहेत आणि नेहमी सगळे एकदम बदलावेत.

पार्किंग

स्विच बंद केल्यावर पाती काचेच्या तळाशी जाऊन थांबावीत, यासाठी मोटरच्या गिअरबॉक्सवर एक छोटा स्विच असतो आणि त्याला मुख्य स्विचला वळसा घालून वेगळा पुरवठा दिलेला असतो. पाती तळाशी पोचेपर्यंत हा स्विच मोटर चालू ठेवतो आणि तळाशी येताच तोडतो. पाती मध्येच थांबत असतील तर आधी त्या वेगळ्या वायरीत करंट आहे का ते लॅम्पने पाहावे, मग छोट्या स्विचचे स्पर्श घासावेत. वायपर थांबतच नसेल तर स्पर्श चिकटले आहेत किंवा ते उघडणारा उंचवटा झिजला आहे. पाती थांबतात पण चुकीच्या जागी, तेव्हा दांडा खाचांवर एक-दोन घरे सरकवून बसवला की काम होते. काही जुन्या मोटरींत गिअरबॉक्सवरचे गोल झाकण स्क्रू सैल करून फिरवले की थांबण्याची जागा बदलते.

नवे वायरिंग केल्यावर पाती तळाशी पोचताच नेमका फ्यूज उडत असेल, तर पार्किंगच्या वायरी उलटसुलट झाल्या आहेत. बऱ्याच मोटरींत पाती जागी येताच हा छोटा स्विच मोटरला अर्थिंगशी जोडून तिला ब्रेक लावतो. पुरवठ्याची वायर चुकून त्या सामाईक टोकावर लागली की सरळ शॉर्ट होतो.

मोटर उघडणे

इथवर सगळे निर्दोष निघाले तरच मोटर काढावी. बाहेर काढून बॅटरीवर फ्यूजमार्गे मोकळी चालवावी. निरोगी मोटर मोकळी असताना दीड-दोन अँपिअरच ओढते. ती जास्त ओढत असेल आणि आवाज गुरगुरता असेल, तर बहुधा गिअरचे ग्रीस वाळले आहे किंवा बुश कोरडे आहेत. आवाज अडखळता असेल तर कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे, संपले आहेत.

उघडण्याआधी बॉडी आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावर आरपार एक रेघ ओढावी. कायम चुंबकाच्या मोटरीत बॉडी अर्धा फेरा उलटी बसली तर मोटर उलट दिशेने फिरते आणि पार्किंगचा सगळा हिशेब बिघडतो. ती चुंबके ठिसूळ असतात, त्यामुळे हातोडी लावू नये. आणि काम लोखंडाचा कीस नसलेल्या स्वच्छ कागदावर करावे, नाहीतर कीस चुंबकाला चिकटून आत जातो. कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो पट्ट्यांचा गोल भाग, बारीक पॉलिश पेपरने फिरवत घासावा, पट्ट्यांमधल्या फटींतली काजळी टोकदार काडीने काढावी. कार्बन साधारण पाच मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर बदलावेत. तीन कार्बनच्या मोटरीत तिसरा कार्बन जलद गतीचा असतो. मंद गती चालते आणि जलद चालत नाही, तेव्हा स्विच निर्दोष असल्यास त्या तिसऱ्याकडे पाहावे. त्याहून जुन्या, चुंबकाऐवजी गुंडाळी असलेल्या मोटरीत जलद गती एका रेझिस्टन्सने मिळते. तो तुटला तर जलद गतीवर मोटर अडते आणि तापते, म्हणून अशा वेळी स्विच त्या जागी ठेवू नये.

वायर बदलावी लागली तर घरगुती वायरिंगची जाड एकेरी तार वापरू नये. गाडीच्या कंपाने ती आतून तुटते. दीड चौरस मिलिमीटरची, अनेक तारांची ऑटो वायर पुरते. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यातून ती नेताना भोकाला रबरी ग्रोमेट हवाच. जुन्या वायरीचा रंग नव्या वायरीला मिळाला तर पुढच्या माणसाचे आशीर्वाद लागतात.

कुठे थांबावे

डॅशबोर्डामागच्या वायरींचे आवरण बोटाने दाबताच चुरा होऊन पडत असेल, तर एका वायरीची दुरुस्ती करू नये. ती हलवताना शेजारच्या चार उघड्या पडतात. तिथे पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरिंगचे सगळे जुडगे, बदलणारा, जुन्या गाड्यांची सवय असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठावा. धूर निघाला असेल किंवा आर्मेचरला (मोटरच्या फिरत्या भागाला) जळका वास असेल, गुंडाळी काळवंडली असेल, गिअरचे दात गेले असतील, तर काम रिवाइंडिंगवाल्याचे किंवा यंत्रशाळेचे आहे. मोटर सुटी करूनही फ्यूज उडतो, हे वर आलेच. बॅटरीचे कोणते टोक बॉडीला आहे याची खात्री होत नसेल, किंवा स्पिंडल काढण्यासाठी काच उतरवावी लागणार असेल, तरीही हात आखडता घ्यावा. आणि वायपर भरवशाचा नसताना गाडी घाटात नेऊ नये. काच असलेल्या वाहनाला चालू स्थितीतला वायपर असणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणेही बंधनकारक आहे, पण कसाऱ्याच्या धुक्यात समोर ट्रकचे मागचे दिवे दिसेनासे होतात तेव्हा नियमाची आठवण कोणाला होत नाही.

दुरुस्ती झाली असे वाटल्यावर मी गाडी अंगणात उभी करतो, इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवतो, बागेच्या नळीने काचेवर पाणी सोडतो आणि वायपर घड्याळ लावून अर्धा तास चालवतो. मध्ये दर दहा मिनिटांनी फ्यूजची पट्टी, स्विचची पाठ, मोटरचा प्लग आणि अर्थिंगचा थिंबल यांना बोट लावून पाहतो. चारही ठिकाणे कोमट किंवा गार राहिली आणि तिसाव्या मिनिटाची फेरी पहिल्या मिनिटाइतकीच झटपट झाली, की किल्ली मालकाच्या हाती देतो. सरांची पद्मिनी अशी दिल्यानंतर दोन वेळा त्र्यंबकला आणि एकदा मुंबईला जाऊन आली. चौथी मोटर दुकानदाराने परत घेतली नाही, ती अजून त्यांच्या कपाटात खोक्यात आहे.